प्राथमिक शाळा, ऑनलाइन चर्चाफलक आणि ‘सुरक्षितता’ या संकल्पनेची व्याप्ती : एक चिकित्सा

सारांश

प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांना ऑनलाइन चर्चेचे शिक्षण देताना ‘सुरक्षितता’ या शब्दाचा अर्थ बहुधा वैयक्तिक माहिती लपविणे आणि अनोळखी व्यक्तीपासून दूर राहणे एवढाच घेतला जातो. प्रस्तुत लेखात या संकुचित अर्थाची चिकित्सा केली आहे. ब्रिटनमधील ‘स्मार्ट’ नियम, भारतातील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना, करोनाकाळातील शालेय व्हॉट्सअ‍ॅप गट आणि ‘स्क्रॅच’ हा मुलांचा ऑनलाइन समुदाय यांच्या आधारे, सुरक्षितता हा मूलतः भाषाशिक्षणाचा घटक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : चर्चाफलक, प्राथमिक शिक्षण, ऑनलाइन सुरक्षितता, भाषाशिक्षण, संवाद

१. प्रस्तावना

चर्चाफलक हा सार्वजनिक लेखनाचा एक प्रकार आहे. त्यावर लिहिलेले वाक्य समोर नसलेला वाचक वाचतो, ते वाक्य टिकून राहते आणि त्याची प्रत कोणालाही काढता येते. या तिन्ही गोष्टींचे भान प्रौढांनाही सदैव राहत नाही. मग आठ-दहा वर्षांच्या मुलाला ते आपोआप यावे, अशी अपेक्षा कशी धरता येईल? शाळेत निबंध लिहिणाऱ्या मुलाचा वाचक एकच असतो आणि तो म्हणजे शिक्षक. चर्चाफलकावर मात्र वाचक अनेक असतात व त्यांतील प्रत्येकाला उत्तर देण्याचा अधिकार असतो. म्हणून या माध्यमाचे शिक्षण देताना प्रथम ‘सुरक्षित’ म्हणजे नेमके काय, याचा विचार होणे आवश्यक ठरते.

२. निषेधांची परंपरा

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेविषयीचे प्रारंभीचे कायदे आणि पाठ हे माहितीच्या संरक्षणाभोवती फिरतात. अमेरिकेत १९९८ साली संमत होऊन २००० सालापासून अमलात आलेला बालकांच्या ऑनलाइन खासगीपणाविषयीचा कायदा १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती बंधनकारक करतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये ही वयोमर्यादा १८ वर्षे आहे व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हे कायदे कंपन्यांवर बंधने घालतात आणि ती आवश्यकच आहेत. तथापि, मुलाने काय लिहावे व कसे वाचावे, हा त्यांचा विषय नव्हे.

वर्गातील पाठांचा नमुना म्हणून ब्रिटनमधील चाइल्डनेट या संस्थेच्या ‘स्मार्ट’ नियमांचा उल्लेख करता येईल. वैयक्तिक माहिती जपा, ऑनलाइन ओळखीच्या व्यक्तीस परस्पर भेटू नका, अनोळखी संदेश स्वीकारू नका, माहितीची विश्वासार्हता तपासा आणि काही खटकल्यास मोठ्यांना सांगा, असे हे पाच नियम आहेत. ते सुटसुटीत असून लहान मुलांच्या सहज लक्षात राहतात. परंतु पाचांपैकी पहिले तीन नियम मुलाला दार कसे लावावे ते शिकवतात. दार उघडल्यावर कसे बोलावे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही.

पाचवा नियम अधिक विचारणीय आहे. ‘मोठ्यांना सांगा’ हे सांगणे सोपे आहे. मात्र सांगितल्यावर मोबाइलच काढून घेतला जाईल, अशी भीती असलेले मूल गप्प राहते. घरात एकच फोन असेल, तर ही भीती आणखी वाढते. नियम पाठ असूनही मूल एकाकी पडते, आणि या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष येथेच आहे.

३. जोखमीचे वर्गीकरण

सोनिया लिव्हिंगस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या युरोपातील अभ्यासातून मुलांच्या ऑनलाइन जोखमींचे आशय, संपर्क व वर्तन असे तीन वर्ग पुढे आले. २०२१ मध्ये त्यांत व्यावसायिक करारातून उद्भवणाऱ्या जोखमीची भर पडली. या मांडणीतील ‘वर्तन’ हा वर्ग प्राथमिक शाळेच्या दृष्टीने कळीचा आहे. त्यात मूल केवळ संभाव्य बळी नसते. टोमणा मारणारे, टोपणनाव ठेवणारे किंवा एखाद्याला गटातून वगळणारेही तेच असू शकते. वर्गाच्या बंदिस्त चर्चाफलकावर अनोळखी कोणीच नसतो, तरी तेथे दुखापत होऊ शकते. अनोळखी व्यक्तीच्या भीतीवर उभारलेला पाठ अशा वेळी निरुपयोगी ठरतो. जोखीम आणि संधी हातात हात घालून येतात व प्रत्येक जोखमीचे पर्यवसान हानीत होत नाही, हाही याच अभ्यासपरंपरेचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

४. भारतीय अनुभव : मिनिटे आणि माणसे

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर केंद्रीय मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे, अशी मर्यादा त्यांत होती. ‘प्रज्ञाता’ या नावातील इंग्रजी आद्याक्षरांतून सुचविलेल्या आठ टप्प्यांपैकी पाचवा टप्पा ‘बोलणे’ हा आहे. संवादाला दिलेले हे स्थान स्वागतार्ह होते. मात्र मिनिटे मोजता येतात तसा संवादाचा दर्जा मोजता येत नाही. परिणामी शाळांचे लक्ष वेळेच्या हिशेबाकडेच अधिक राहिले.

प्रत्यक्षात महाराष्ट्रातील असंख्य मुलांचा पहिला ‘चर्चाफलक’ म्हणजे पालकांच्या मोबाइलवरील व्हॉट्सअ‍ॅप गट होता. या सेवेच्या त्या वेळच्या नियमांनुसार १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडता येत नव्हते. त्यामुळे मूल आईच्या किंवा वडिलांच्या नावाने बोलत होते आणि त्यांचा क्रमांक गटातील प्रत्येकाला दिसत होता. माहिती जपण्याचा नियम शिकविण्यापूर्वीच तो व्यवस्थेनेच मोडलेला होता.

याहून सूक्ष्म अडचण भाषेची होती. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून नाते व्यक्त होते. वर्गमित्राला उद्देशून लिहिलेले ‘तू चुकलास’ हे वाक्य मित्राआधी त्याची आई वाचते, सर वाचतात आणि ज्यांना ते मूल ओळखत नाही असे पंचवीस-तीस पालकही वाचतात. मधल्या सुट्टीत हसण्यावारी गेलेले वाक्य येथे आरोप बनते. चेहरा, आवाज आणि हात यांचा आधार सुटल्यावर शब्दांवर किती भार पडतो, हे मुलांना शिकविणारा पाठ त्या काळात क्वचितच घेतला गेला.

५. ‘स्क्रॅच’चा दाखला

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’ या समुदायात मुले संगणकीय खेळ व गोष्टी तयार करतात, एकमेकांच्या कामावर अभिप्राय देतात आणि ते काम घेऊन त्यात बदलही करतात. तेथील नियमांत माहिती खासगी ठेवण्याबरोबरच आदर राखणे, विधायक अभिप्राय देणे आणि प्रामाणिक राहणे यांनाही स्थान आहे. तक्रारीची सोय आणि प्रौढ नियंत्रक आहेतच.

मूळ कर्त्याचे श्रेय देण्यावरून तेथे वाद होत. म्हणून मूळ कर्त्याचे नाव आपोआप दाखविणारी यंत्रणा आणली गेली. मोन्रॉय-हर्नांडेझ व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात असे आढळले की, यंत्राने छापलेल्या नावापेक्षा दुसऱ्या मुलाने स्वतःहून लिहिलेले श्रेय मुलांना अधिक मोलाचे वाटते. तंत्रज्ञान नियम राबवू शकते. मान्यता देण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते, हा त्याचा शैक्षणिक अर्थ होय.

६. अध्यापनाची दिशा

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चर्चाफलकाचा पाठ संगणकाच्या तासापेक्षा मराठीच्या तासाला अधिक शोभतो. त्याची सुरुवात कागदावर होऊ शकते. तिसरी-चौथीच्या वर्गात भिंतीवर प्रश्न लावावा, मुलांनी चिठ्ठ्यांवर उत्तरे लिहून चिकटवावीत व दुसऱ्याच्या चिठ्ठीखाली प्रतिसाद द्यावा. ‘तुला काही कळत नाही’ आणि ‘मला हे पटले नाही, कारण…’ या दोन वाक्यांतील अंतर वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. एखाद्या चिठ्ठीची नक्कल इतर मुलांनी वहीत करून घेतल्यानंतर मूळ चिठ्ठी काढून टाकण्यास सांगावे. ‘पुसले म्हणजे संपले’ हा समज दूर करण्यास एवढा प्रयोग पुरेसा आहे.

त्यानंतरच शिक्षकाच्या नियंत्रणाखालील बंदिस्त फलक वापरावा. त्यावर पालकांचे क्रमांक दिसू नयेत. मुलांची केवळ पहिली नावे असावीत आणि प्रतिसाद शिक्षकाने पाहिल्यावर प्रसिद्ध व्हावा. याच टप्प्यावर पालकसभेत एक संकेत ठरविणे अगत्याचे आहे : जे मूल तक्रार सांगेल, त्याचा फोन त्या कारणाने काढून घेतला जाणार नाही. १०९८ ही बालसाहाय्य सेवा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक मुलांना व पालकांना माहीत हवा. परंतु मुलाने घरात निर्भयपणे तोंड उघडले, तरच त्या क्रमांकांचा उपयोग होईल.

या मांडणीस मर्यादाही आहेत. द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक प्रतिसाद तपासणे सोपे नाही आणि वर्गाबाहेरील खुल्या माध्यमांवर शिक्षकाचे नियंत्रण चालत नाही. लैंगिक शोषणासारख्या गंभीर धोक्यांसाठी निषेधाचे स्पष्ट नियम लागतातच. त्यांची जागा संवादशिक्षण घेऊ शकत नाही.

७. निष्कर्ष

निषेधाचे नियम ही सुरक्षिततेची किमान पायरी आहे. तेवढ्यावर थांबलेले शिक्षण मुलाला सावध करते, पण बोलते करत नाही. असहमती सभ्य शब्दांत मांडणे, दुसऱ्याचे श्रेय मान्य करणे, न दिसणाऱ्या वाचकाचे भान ठेवणे आणि संकटात मदत मागणे ही चारही कौशल्ये भाषेची आहेत. अध्यापक शिक्षण महाविद्यालयांनी भाषा-अध्यापनपद्धतीच्या अभ्यासक्रमात त्यांचा समावेश केल्यास प्राथमिक शिक्षकाच्या हाती नियमांच्या तक्त्याबरोबरच अध्यापनाची एक पद्धतही येईल.