वैमानिकाचा विरह आणि गुलाबाचा आवाज : ‘ल पती प्रँस’चे पुनर्वाचन

प्रस्तावना :

युद्धकाळातील विरहसाहित्यात एक विभागणी बहुधा गृहीत धरलेली असते : पुरुष रणभूमीवर अथवा आकाशात आणि स्त्री घरी, प्रतीक्षेत. पुरुषाचा विरह शब्दरूप घेतो. स्त्रीच्या विरहाची कल्पना त्यानेच करावयाची असते. ‘मेघदूता’तील यक्षपत्नीदेखील यक्षाच्या कल्पनेतूनच वाचकांसमोर येते. फ्रेंच लेखक व वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी (१९००-१९४४) यांच्या ‘ल पती प्रँस’ अर्थात ‘छोटा राजकुमार’ या कथेचा या दृष्टीने पुनर्विचार करणे आवश्यक ठरते.

कथा आणि चरित्र :

१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर सेंत-एक्झुपेरी न्यूयॉर्कला गेले. एल साल्वादोर येथे जन्मलेल्या कॉन्सुएलो यांच्याशी १९३१ मध्ये झालेला त्यांचा विवाह दुरावा आणि पुनर्मीलन यांतच हेलकावत होता. पुढे त्याही न्यूयॉर्कला आल्या. १९४२ मध्ये लिहिलेली ही कथा एप्रिल १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्यात लेखक युद्धसेवेसाठी उत्तर आफ्रिकेकडे रवाना झाले.

राजकुमाराचा गुलाब म्हणजे कॉन्सुएलो, हे समीकरण समीक्षेत रूढ आहे. गुलाबाचा खोकला त्यांच्या दम्याशी, तर ग्रहावरील तीन ज्वालामुखी त्यांच्या जन्मभूमीशी जोडले जातात. फ्रेंच भाषेत गुलाब स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो पुल्लिंगी होतो आणि या नात्याची सूचकता काहीशी मावळते. तथापि केवळ समीकरण मांडल्याने कथेचे मर्म उलगडत नाही. युद्धावर जाणाऱ्या प्रियकराला कर्तव्य बोलावते, म्हणून तो निर्दोष ठरतो. राजकुमार मात्र गुलाबाच्या अहंकाराने दुखावून स्वतःच निघून जातो. आपण ज्याला आपलेसे केले त्याची जबाबदारी आपलीच, हे कोल्ह्याकडून कळल्यावर त्याच्या विरहात पश्चात्ताप मिसळतो. ही या कथेची खरी उंची होय.

तिची मर्यादाही येथेच आहे. निरोपाच्या वेळी गुलाब आपले प्रेम आणि आपली चूक मान्य करतो; त्यानंतर त्याचा आवाज ऐकू येत नाही. मागे राहिलेल्या गुलाबाचे काय झाले, हा प्रश्न अखेरीस निवेदक वैमानिकाच्या चिंतेपुरताच उरतो.

विरहाची बदललेली दिशा :

सेंत-एक्झुपेरी यांच्याकडे ‘लाइटनिंग’ जातीचे टेहळणी विमान होते. त्यावर शस्त्रे नव्हती, छायाचित्रणाचे कॅमेरे होते. शत्रूव्याप्त फ्रान्सची, म्हणजे स्वतःच्याच मायभूमीची, छायाचित्रे ते आकाशातून टिपत होते. कॉन्सुएलो मात्र अटलांटिकपलीकडे, परक्या शहरात होत्या. घर एका दिशेला आणि प्रिय व्यक्ती दुसऱ्या दिशेला, अशा स्थितीत ‘घरी वाट पाहणारी प्रिया’ हा संकेतच मोडून पडतो. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून निघालेले त्यांचे विमान परतले नाही. १९९८ मध्ये मार्सेजवळच्या समुद्रात मच्छीमाराच्या जाळ्यात त्यांचे मनगटी कडे सापडले. त्यावर त्यांचे नाव, कॉन्सुएलो यांचे नाव आणि न्यूयॉर्कमधील प्रकाशकाचा पत्ता कोरलेला होता. घराचा पत्ता त्यावर नव्हता.

कॉन्सुएलो यांचे निधन १९७९ मध्ये झाले. त्यांच्या आठवणी २००० मध्ये आणि उभयतांचा १९३० ते १९४४ या काळातील पत्रव्यवहार २०२१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यामुळे कथेत अबोल राहिलेली बाजू प्रथमच तिच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध झाली. स्वतः चित्रकार व शिल्पकार असलेल्या या स्त्रीला केवळ ‘लेखकाचा गुलाब’ म्हणणे आता पुरेसे नाही.

निष्कर्ष :

‘ल पती प्रँस’ ही सोडून जाणाऱ्याच्या अपराधभावाची कथा आहे. ती प्रामाणिक आहे, पण एकपक्षीय आहे. ज्याच्यासाठी विरह सोसला, त्याचा आवाज ऐकल्याखेरीज विरहाचे आकलन अपुरे राहते. म्हणून ही कथा अभ्यासताना पत्रव्यवहाराला चरित्रात्मक पुरवणी न मानता तिचा दुसरा पक्ष मानणे अधिक न्याय्य ठरेल.