ओळींच्या आवृत्त्या : जतन आणि इतिहास यांतील भेद

संबंधाधिष्ठित डेटाबेसमध्ये एखादी ओळ बदलली म्हणजे जुनी पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या बाबतीत तो खरा नाही. तेथे जुनी ओळ जागच्या जागी राहते व नवी आवृत्ती स्वतंत्रपणे लिहिली जाते. प्रत्येक आवृत्तीच्या माथ्यावर दोन क्रमांक असतात : 'एक्समिन' हा तिला जन्म देणाऱ्या व्यवहाराचा, आणि 'एक्समॅक्स' हा तिला बाद करणाऱ्या व्यवहाराचा. वाचन आरंभताना कोणते व्यवहार पूर्ण झालेले होते हे पाहून, त्याच्याशी हे क्रमांक ताडले जातात व कोणती आवृत्ती वाचणाऱ्यास दिसावी हे ठरते. त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्यास अडवीत नाही, आणि लिहिणारा वाचणाऱ्यास. या योजनेचे हे यश निर्विवाद आहे.

परंतु या यशावरून एक चुकीचे अनुमान काढले जाते : जुन्या आवृत्त्या राहतात, म्हणजे इतिहासही राहतो. मूळ हेतू तसा होता, हे मान्य केले पाहिजे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८७ साली पोस्टग्रेसच्या संचयव्यवस्थेचा जो आराखडा मांडला, त्यात गतकाळातील स्थिती विचारण्याची सोय होती. १९९७ साली, ६.२ क्रमांकाच्या प्रकाशनापासून, ती काढून टाकण्यात आली. इतिहासासाठी बांधलेली वास्तू राहिली. इतिहासाने मात्र ती सोडली.

उरलेल्या आवृत्त्यांचे साक्षीमूल्य कितपत आहे? एक्समिन व्यवहाराचा क्रमांक सांगतो. बदल कोणी व का केला, हे सांगत नाही. एक्समॅक्समध्ये क्रमांक असला म्हणून ओळ बाद झालीच असे नव्हे. तिला केवळ कुलूप लागलेले असेल, अथवा बाद करणारा व्यवहारच रद्द झालेला असेल. शिवाय, चालू असलेल्या कोणत्याही व्यवहारास जुनी आवृत्ती लागेनाशी झाली की 'व्हॅक्यूम' ही प्रक्रिया तिची जागा मोकळी करू शकते. म्हणजे ही साक्ष अपुरी आहे, आणि अल्पायुषीही आहे.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीने दुसरा मार्ग पत्करला. तेथे नवे मूल्य मूळ ओळीतच लिहिले जाते. जुने मूल्य पूर्वस्थितीच्या वेगळ्या नोंदींत जाते व ओळीतील एक निर्देशक तिकडे वाट दाखवितो. पण गरज संपताच त्या नोंदीही काढल्या जातात. दोन्ही पद्धतींत भेद आहे तो अडगळ कोठे साठवावी याचा. स्मृतीचे वचन दोहोंपैकी कोणीच देत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. परीक्षेतील गुण वा जमिनीची नोंद दुरुस्त झाल्यावर पुढे वाद उद्भवला, तर पूर्वीचा आकडा दाखविता आला पाहिजे. त्यासाठी बदल, काळ, कर्ता व कारण नोंदविणारे स्वतंत्र कोष्टक आरंभापासूनच हवे. एसक्यूएलच्या २०११ च्या मानकाने कालसापेक्ष कोष्टकांना स्थान दिले, यावरूनही ही गरज निराळी असल्याचे दिसते. समकालीन वाचकांच्या सोयीसाठी राखलेली प्रत आणि भावी काळासाठी राखलेला पुरावा या दोन वस्तू भिन्न आहेत. पहिलीवर दुसरीचे काम सोपविणे हा योजनेचा दोष नव्हे. तो योजना करणाऱ्याचा दोष होय.