सहिष्णुता आणि संवाद

कोलकात्यालगतच्या न्यू टाउनमध्ये काझी नजरुल इस्लाम यांच्या नावाने ‘नजरुल तीर्थ’ ही वास्तू उभी आहे. मुसलमान कवीच्या नावाला ‘तीर्थ’ हा शब्द जोडलेला येथे कोणास खटकत नाही. ज्यांनी श्यामासंगीत आणि इस्लामी गीते सारख्याच तन्मयतेने लिहिली, त्यांचे हे स्मारक उचितच होय. तथापि स्मारकातील नजरुल हयातीतल्या नजरुलांहून फार सौम्य भासतात. ‘आमार कैफियत’ या कवितेत त्यांनी दोन्ही समाजांनी आपणावर ठेवलेल्या आरोपांची झडती घेतली आहे. समन्वयाचे प्रतीक म्हणून आपण ज्यांचा गौरव करतो ते बहुधा भांडणारे लेखक असतात, आणि गौरवाच्या भरात त्यांचे भांडण तेवढे आपण वगळतो. धर्मनिरपेक्षतेच्या चर्चेतही हेच घडत आले आहे.

मराठीपुरते पाहावयाचे तर नाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ घ्यावा. सोळाव्या शतकात, मुसलमानी राजवटीत रचलेल्या या भारुडात दोघे एकमेकांच्या उपासनेची आणि आचारांची यथेच्छ टवाळी करतात व अखेरीस एकमेकांस आलिंगन देतात. आपण आलिंगन उद्धृत करतो. टवाळी झाकून ठेवतो. वस्तुतः ते आलिंगन त्या वादातूनच निष्पन्न झाले आहे. शिवाय हिंदू मराठीत बोलतो, तुर्क आपल्या हिंदुस्थानी वळणाच्या बोलीत. आणि दुभाष्यावाचून दोघांचेही अडत नाही. या भारुडाचे भाषांतर करू पाहणाऱ्यास पहिली अडचण येथेच येते. दोघांच्या तोंडी एकच प्रमाण बंगाली घातली की अर्थ सारा राहतो, पण संवाद नाहीसा होतो.

‘सहिष्णुता’ या शब्दातील उणीव येथे ध्यानात येते. तो ‘सह्’ म्हणजे सोसणे या धातूपासून आला आहे. ज्याला सोसावयाचे, तो आधीच ओझे ठरलेला असतो. घरधन्याने पाहुण्यास सोसावे, तशी ही वृत्ती होय. नाथांच्या भारुडात घरधनी कोणी नाही आणि पाहुणाही कोणी नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. राज्य तुर्कांचे असताना हिंदूने केलेली टीका आणि संख्याबळ हिंदूंचे असताना हिंदूने केलेली टीका या एक नव्हेत. दुर्बळाच्या तोंडचा विनोद बलवानाच्या तोंडी धमकी होतो. हे मान्यच करावयास हवे. परंतु त्यावरून इस्लामविषयी मौन पाळावे असे निष्पन्न होत नाही. हमीद दलवाई यांचा दाखला येथे निर्णायक वाटतो. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकाविरुद्ध सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्वसमाजाने त्यांस शत्रू मानले, तर अनेक हिंदूंनी त्यांचे अर्धेच म्हणणे उचलले. हिंदू जातीयवादावरची त्यांची टीका तितकीच कठोर होती, हे सोयीने विसरले गेले.

१९६५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी अशा अर्ध्या वाचनास वावच देत नाही. मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक तेथील तेढ वाढताना पाहतो. जमीन, जात, कामवासना आणि धर्म यांचा तेथे असा गुंता होतो की, कोणाही एका समाजाकडे बोट दाखवून वाचकाची सुटका होत नाही. इंधन प्रत्येक घरातले आहे. दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ही कादंबरी मराठीबाहेर पोहोचली, ही समाधानाची गोष्ट होय.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेल्या शब्दास मराठीने ‘धर्मनिरपेक्ष’ म्हटले, तर हिंदीच्या अधिकृत पाठाने ‘पंथनिरपेक्ष’. शब्दांविषयीचा हा वाद चालावयास हरकत नाही. मात्र खरी कसोटी निराळी आहे. परधर्माविषयी जो प्रश्न आपण विचारतो, तोच स्वधर्माविषयी त्याच आवाजात विचारण्याची आपली तयारी आहे काय? आणि समोरच्याने आपल्या बोलीत दिलेले उत्तर, त्यास आपली भाषा बोलावयास न लावता, ऐकून घेण्याची? नाथांच्या भारुडातील दोघांजवळ ही तयारी होती.