हरवलेलें विमान आणि हौशी गणित

८ मार्च २०१४ रोजीं क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेलें एमएच ३७० हें मलेशियन विमान २३९ माणसांसह नाहींसें झालें. त्याच्या अखेरच्या मार्गाविषयीं पुढें जें विपुल लेखन झालें, त्यांतील पुष्कळसें हौशी अभ्यासकांचें आहे. अशा लेखनास नाक मुरडण्याची विद्वानांत रूढि आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. परंतु कौतुकाच्या भरांत डोळे मिटून घेणें हेंही आम्हांस मान्य नाहीं.

या साऱ्या भाष्यांचा मूळ ग्रंथ फार तोकडा आहे. लष्करी रडारवर विमान शेवटचें दिसलें तें रात्रीं २ वाजून २२ मिनिटांनीं. त्यानंतर विमान आणि हिंदी महासागरावरील एक कृत्रिम उपग्रह यांच्यांत आपोआप होणारे कांहीं संदेश तेवढे घडले. शेवटचा सकाळीं ८ वाजून १९ मिनिटांनीं. संदेशास लागलेल्या वेळावरून विमान उपग्रहापासून किती दूर होतें तें कळतें. कोणत्या दिशेस होतें तें कळत नाहीं. म्हणून हातीं एक बिंदु न येतां पृथ्वीच्या पाठीवरील एक वर्तुळ येतें. संदेशांच्या कंपनसंख्येंतील सूक्ष्म फरकावरून विमान दक्षिणेकडे वळल्याचा निष्कर्ष निघाला. परंतु त्या कमानीवर नेमकें कोठें, हें सांगण्यास वेग, उंची आणि चालकाचा हेतु यांविषयीं कांहीं गृहीत धरावेंच लागतें. कालिदासाच्या कालनिर्णयाचे वाद ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस ही अवस्था परकी वाटणार नाहीं.

मे २०१४ मध्यें उपग्रहाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हां ‘इंडिपेंडंट ग्रुप’ म्हणविणाऱ्या मंडळींनीं सारें गणित पुन्हा मांडलें आणि आपली रीत उघडपणें लोकांपुढें ठेवली. चूक दुसऱ्यास सांपडावी अशी सोय लेखकानेंच करून ठेवणें, हा या लेखनाचा मोठा गुण होय. याउलट, हौशी बिनतारी संदेशांच्या जुन्या नोंदींत विमानाची चाहूल शोधणारा ब्रिटिश इंजिनिअर रिचर्ड गॉडफ्रे यांचा सिद्धांत घ्या. त्यामागील चिकाटी थक्क करणारी आहे. पण असे क्षीण फेरफार वातावरणाच्या वरच्या थरांतील हालचालींनींही होतात. त्या संदेशपद्धतीचे जनक, नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोसेफ टेलर, यांनींच हा उपयोग अमान्य केला आहे. येथें निश्चयाचा स्वर पुराव्याच्या पुढें धांवतो, असें आमचें मत आहे.

जुलै २०१५ मध्यें रेयुनियन बेटावर विमानाच्या पंखाचा एक भाग सांपडला. पुढें ब्लेन गिब्सन या अमेरिकन वकिलानें मोझांबिक, मादागास्कर येथील किनारे स्वतः पायीं धुंडाळले आणि सांपडलेले तुकडे तपासासाठीं दिले. हौशी माणसाच्या हातून याहून भरीव काम क्वचितच झालें असेल. तरीही महिनोन्महिने प्रवाहांत वाहिलेला तुकडा आपला नेमका उगम सांगूं शकत नाहीं.

सुमारें १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ शोधून जानेवारी २०१७ मध्यें तो शोध थांबला. जुलै २०१८ च्या सरकारी अहवालानेंही विमान नाहींसें होण्याचें कारण ठरवितां येत नाहीं असें म्हटलें. नकाशावरील प्रत्येक नवा बिंदु त्या २३९ माणसांच्या कुटुंबियांच्या दारीं नवी आशा घेऊन जातो, हें या लेखकांनीं विसरूं नये. ‘येथवर मोजलें आहे, येथून पुढें मानलें आहे’ असें स्पष्ट लिहिणारा हौशी लेखक आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो, मग त्याच्या लेखाच्या शेवटीं उत्तर नसलें तरी चालेल.