मेकअप दिवसभर टिकतो, म्हणजे काय?

स्नेहसंमेलन जवळ आले की विज्ञानाच्या तासाला मुलांचे लक्ष नसते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव. नाचणगाव हे पुलगावला लागूनच असलेले गाव. इथेही काही वेगळे नाही. मागच्या संमेलनाच्या तालमी चालू असताना नववीच्या मुली एका कागदाभोवती घोळका करून बसलेल्या दिसल्या. कुणाच्या तरी ताईने मोबाइलवरून उतरवून दिलेले ‘मेकअप दिवसभर टिकवण्याचे दहा उपाय’ त्या कागदावर होते. सकाळी रंगवलेले चेहरे संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत तसेच राहायला हवे होते. “मॅडम, यातलं खरं काय आहे?” एकीने विचारले.

कागद काढून घेऊन ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ म्हणणे सोपे होते. पण प्रश्न तर विज्ञानाचाच होता. मी तो कागद घरी नेला आणि त्याच जातीचे आणखी काही लेख मिळवून वाचले. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून असे लेखन वर्षानुवर्षे येत आहे. आता ते मोबाइलवरही येते. आपल्या विद्यार्थिनी पाठ्यपुस्तकाबाहेर स्वेच्छेने जे थोडेफार वाचतात, त्यात या लेखनाचा वाटा मोठा आहे. तेव्हा पुस्तकाचे करतात तसे त्याचेही परीक्षण व्हायला हवे.

शिंग आणि कपाळ

पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावतात. तो पुढे कितीतरी दिवस दिसत राहतो. मग चेहऱ्यावरचा रंग चार तासांत का विस्कटतो? गंमत अशी की शिंगाचे वरचे आवरण आणि आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, दोन्ही केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचेच असतात. फरक आहे तो खालून वर काय येते याचा.

शिंगाला ना घाम येतो, ना तेल सुटते. चेहऱ्यावर मात्र एका चौरस सेंटिमीटरमध्ये 400 ते 900 तैलग्रंथी असतात आणि त्यांतून स्निग्ध द्रव सतत पाझरत असतो. त्यात घर्मग्रंथींचे खारट पाणी मिसळते. कडक उन्हात कष्टाचे काम करणारा माणूस तासाभरात लिटरभर घाम गाळू शकतो, आणि वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणे हे काही नवल नाही. शिवाय चेहरा स्थिर नसतो. आपण बोलतो, हसतो, कपाळाला आठ्या घालतो. त्वचेचा बाहेरचा थरही रोज थोडाथोडा झडतो आणि महिन्याभराच्या सुमारास नवा होतो. घराची भिंत ओली, तेलकट, हलणारी आणि पोपडे सुटणारी असेल तर रंगारी ती रंगवायला घेईल का?

मेकअपचे बहुतेक पदार्थ म्हणजे तेलात, मेणात किंवा पाण्यात मिसळलेली रंगीत भुकटी. तेलकट पदार्थ तेलातच चांगले विरघळतात. म्हणून चेहऱ्याला तेल सुटले की ते या थरात शिरते, थर सैल होतो आणि भुकटी सरकून सुरकुत्यांत जमते. घामाने तो धुऊन निघतो, त्याआधी बरेचदा तेलाने विस्कटलेला असतो.

कागदावरचे उपाय

आता त्या दहा उपायांकडे वळू. त्यांतले काही निःसंशय बरोबर आहेत. चेहरा धुऊन कोरडा करणे, जाड लेप देण्याऐवजी पातळ थर देणे, शेवटी पावडर लावणे. पातळ थर हलत्या त्वचेबरोबर वाकतो. जाड थराला भेगा पडतात. पावडरीचे बारीक कण आपल्या पृष्ठभागावर आणि कणांमधल्या फटींत तेल धरून ठेवतात. टीपकागद शाई शोषतो त्यातलाच हा प्रकार. पण यातले एकही कारण लेखात दिलेले नव्हते.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. कारण न देता कृती सांगितली की चांगल्या आणि वाईट उपायांतला फरक वाचणाऱ्याला कळायचा मार्गच उरत नाही. पावडरीचा उपाय ज्या खात्रीने सांगितला, त्याच खात्रीने पुढचे तीन सांगितले होते.

पहिला : बर्फ चोळा, म्हणजे त्वचेची रंध्रे बंद होतात. रंध्रे म्हणजे काही दारे नव्हेत. त्यांना उघडायला-मिटायला स्नायू नसतात. बर्फाने रक्तवाहिन्या काही मिनिटे आकुंचन पावतात आणि त्वचा थंड होते. गार चेहऱ्याला थोडा वेळ घाम कमी येईल, एवढे खरे. पण त्याने दिवसभराची सोय होत नाही.

दुसरा : तेल कमी करण्यासाठी लिंबू चोळा. लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असतो; त्याचा सामू 2 च्या जवळपास येतो, तर त्वचेचा साधारण 5 असतो. लिंबू गटातल्या फळांत, विशेषतः सालीत, अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. हा उपाय विदर्भातल्या उन्हात वावरणाऱ्या मुलीला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे.

तिसरा : शेवटी चेहऱ्यावर केसांचा स्प्रे मारा. या स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि केस जागच्या जागी धरणारे बहुवारिक असते. अल्कोहोल उडून गेले की बहुवारिकाचा पातळ पडदा उरतो, म्हणून हा उपाय ‘लागू पडतो’ हे मान्य. पण ही वस्तू केसांसाठी बनवलेली आहे. तिने त्वचा कोरडी पडते, डोळ्यांची आग होते, फवारा श्वासात जातो. उपाय लागू पडणे आणि उपाय योग्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या लेखनाला माहीतच नसावे असे वाटते.

आजीची फणेरपेटी

हे लेख वाचताना वाटते की मेकअप टिकवण्याचे शास्त्र अगदी अलीकडे, परदेशात निघाले. आधी चिकट पाया, मग रंग, मग जास्तीची भुकटी झटकणे, ही तीन पायऱ्यांची रीत आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होती. फणेरपेटीत फणी, आरसा आणि कुंकवाच्या करंड्याबरोबर मेणाची छोटी डबी असे. बोटाने कपाळावर मेणाचा गोल ठिपका द्यायचा, त्यावर कुंकू दाबायचे आणि कडेचे सांडलेले फडक्याने टिपायचे. ते कुंकू चुलीसमोर आणि शेतात दिवसभर टिके.

मेण पाण्याला दूर ठेवते, म्हणून घाम त्यातून सहज शिरत नाही. मधमाशांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते. त्वचेच्या उष्णतेने ते मऊ होते, पण वाहून जात नाही. कुंकवाचे कण त्यात रुततात. आणि रात्री तेलाचे बोट फिरवले की सगळे अलगद निघून येते. टिकवायची सोय आणि काढायची सोय एकाच पदार्थात होती.

हे वर्गात करून पाहता येते. काचेच्या तीन पट्ट्या घ्या. पहिलीवर नुसते कुंकू, दुसरीवर तेलाचा हात फिरवून कुंकू, तिसरीवर मेणाचा पातळ थर देऊन कुंकू लावा. पट्ट्या तिरप्या धरून पाण्याचे थेंब सोडा, नंतर तेलाचे. पाण्यापुढे कोणते टिकते आणि तेलापुढे कोणते, हे मुलांना तक्त्यात लिहू द्या. ‘टिकते’ हे क्रियापद एकट्याने अपुरे आहे, ‘कशापुढे टिकते’ असे विचारावे लागते, हे मुले आपणहून सांगतील.

इथे ‘जुने ते सोने’ म्हणून टाळी वाजवायचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे. बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि त्यांची ऍलर्जी झाल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. कुंकवावर लिंबू पिळून ‘खरे-खोटे’ ठरवण्याची युक्तीही फसवी आहे. चुन्याने लाल झालेली हळद आम्लाने पिवळी होते हे खरे. पण टाकणखार आणि लिंबाचा रस वापरून केलेल्या कुंकवाचा लाल रंग आम्लाने जात नाही, आणि तेही हळदीचेच असते.

कागद आणणारी मुलगी

तो कागद ज्या मुलीने आणला होता, तिला मेकअप टिकवायचा होता तो नाचासाठी नव्हे, हे मला दोन दिवसांनी कळले. तिच्या कपाळावर, टिकलीच्या जागी, वाटाण्याएवढा पांढरट डाग होता. ती रोज त्यावर आणखी मोठी टिकली लावत होती आणि आता टिकलीबाहेर डोकावणारी कड रंगाने झाकू पाहत होती. घरात ‘कोड’ हा शब्द उच्चारला गेला होता. त्या शब्दाने मुलीच्या लग्नाचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

टिकलीच्या गोंदाने असा डाग पडू शकतो, हे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांचा याविषयीचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गोंदांमध्ये पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल या रसायनापासून केलेली राळ असते आणि तिच्यात त्या रसायनाचा थोडा अंश सुटा राहतो. त्याची रेणुरचना टायरोसीन या अमिनो आम्लाशी मिळतीजुळती असते. त्वचेतल्या रंगपेशी टायरोसीनपासूनच मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. त्यांचे विकर या तोतयावर काम करू लागते, त्यातून घातक पदार्थ तयार होतात आणि रंगपेशीच मरते. चपलेच्या पट्ट्यांखाली पायावर पडणाऱ्या काही पांढऱ्या डागांमागेही अशाच गोंदाचा हात असतो.

प्रत्येक टिकलीत हे रसायन असते असे नाही आणि प्रत्येकीला डाग पडतो असेही नाही. पण वेळीच टिकली थांबवली तर रंग पुष्कळदा परत येतो, आणि न थांबवता वर मोठी टिकली लावली तर डाग वाढू शकतो. म्हणूनच ही माहिती वेळेवर मिळणे महत्त्वाचे.

आणखी एक भीती इथे बोलून टाकू. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी कुष्ठसेवेचे काम सुरू केले. इतक्या वर्षांच्या कामानंतरही पांढरा डाग दिसला की लोक कुष्ठरोगाची कुजबुज करतात. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा दुधासारखा पांढरा नसतो, फिकट असतो, आणि तिथली संवेदना बहुधा कमी झालेली असते. कोड तर संसर्गजन्य नाहीच. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे. शिक्षकाने नव्हे, शेजारणीने तर नव्हेच.

टिकण्याची किंमत

टिकाऊपणासाठी त्वचेने किंमत मोजण्याची ही गोष्ट टिकलीपुरती नाही. हेझल बिशप या अमेरिकी रसायनतज्ज्ञ बाईंनी 1949 च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून न पुसली जाणारी लिपस्टिक तयार केली. तिच्यातला रंग ओठांवर नुसता बसत नसे, त्वचेला रंगवत असे. हे काम इओसिन जातीचे रंग करीत. त्या काळच्या लिपस्टिकमधले हेच रंग अनेकींच्या ओठांच्या ऍलर्जीचे कारण ठरले.

अलीकडच्या टिकाऊ मेकअपमध्ये उडून जाणारे द्रावक आणि मागे राहणारी सिलिकोन राळ असते. काहींत फ्लोरीनयुक्त संयुगेही असतात. 2021 मध्ये अमेरिका व कॅनडातल्या 231 उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे निम्म्यांत फ्लोरीनचे प्रमाण जास्त आढळले, ‘पाण्याने न जाणाऱ्या’ आणि ‘दीर्घकाळ टिकणाऱ्या’ प्रकारांत विशेष करून. आणि बहुतेकांच्या वेष्टनावर तशा संयुगांचा उल्लेख नव्हता. ही संयुगे निसर्गात फार सावकाश नष्ट होतात. म्हणजे चेहऱ्यावर बारा तास टिकवायची वस्तू पाण्यात आणि मातीत कितीतरी वर्षे टिकणार.

दहा उपाय सांगणाऱ्या लेखात यातले काहीच नसते. नटण्यात काही गैर आहे असे मला म्हणायचे नाही. मुलींच्या नटण्याकडे तुच्छतेने पाहणारे शिक्षक या लेखनाला मोकळे रान देतात, असेच उलट मला वाटते. जो प्रश्न वर्गात विचारता येत नाही, त्याचे उत्तर कुठून तरी येतेच.

तालमीच्या शेवटच्या आठवड्यात मुलींनी तो कागद वहीत नव्याने उतरवला. प्रत्येक उपायापुढे त्यांनी तीन रकाने आखले : कशापुढे टिकते, कशाने निघते, त्वचेला काय लागते. टिकलीच्या पाकिटांवर गोंदाचे नाव शोधले. जमवलेल्या पाकिटांपैकी एकावरही ते नव्हते. तो रकाना त्यांनी रिकामाच ठेवला, अंदाजाने भरला नाही, याचे मला समाधान वाटले. संमेलनाला बहुतेक जणींनी मेणावर कुंकू लावले.

त्या मुलीने मात्र कपाळाला काहीच लावले नाही. ती आता त्वचारोगतज्ज्ञांचा उपचार घेते आहे. डाग पूर्ण गेलेला नाही. पण कडेकडून त्यात रंगाचे बारीक ठिपके दिसू लागले आहेत.