ऑगस्टिनचा मनोरा आणि विसरलेलं १८३५

जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चचा अर्धा मनोरा उभा आहे. तिथे येणाऱ्याला साधारण एवढं सांगितलं जातं: १६०२ साली चर्च पूर्ण झालं, मनोरे चार होते, उंची सुमारे ४६ मीटर, १९३१ साली दर्शनी भिंत आणि या मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. पुढे जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष. हे सगळं खरं आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या सांगण्यात इमारत आपोआप पडते. साथी आल्या, शहर ओस पडलं, उरलेलं पावसाने केलं. म्हणजे दोष कुणाचाच नाही!

यात १८३५ हे साल राहून जातं. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि त्या साली ऑगस्टिनियनांना इथला मठ सोडावा लागला. सव्वादोनशेहून जास्त पावसाळे काढलेली ही वास्तू. पण १८४२ साली, म्हणजे सातच वर्षांत, छताची कमान खाली आली. जांभा दगड पाणी पितो. त्यावरचा चुन्याचा गिलावा आणि छप्पर सतत बघावं लागतं, हे कोकण-गोव्यात कुणाला सांगायला नको. बघणारी माणसंच हुकुमाने बाहेर काढली, मग पावसाला कशाला बोल लावायचा?

कुणी म्हणेल, शहरच उठून गेलं तर चर्च काय टिकणार? मग त्याच गावातलं सी कॅथेड्रल बघा. त्याचाही एक मनोरा १७७६ साली पडला, तो परत बांधला गेला नाही. तरी कॅथेड्रल उभं आहे, कारण तिथली प्रार्थना थांबली नाही. ओसाड शहर दोघांच्या वाट्याला आलं, माणसं मात्र एकाचीच हलवली. ऑगस्टिनची घंटासुद्धा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे आणि तिथे ती वाजते.

म्हणून वारसाप्रेमींना एक सुचवावंसं वाटतं. ही गोष्ट सांगताना १९३१ आधी १८३५ सांगा. नाहीतर आपणही गावातल्या रिकाम्या वाड्याकडे भिंतीला तडा गेल्यावरच बघू. खरं म्हणजे बघायला हवं ते शेवटचा राहणारा माणूस किल्ली देऊन निघतो तेव्हा.