नरक, पोथी आणि प्रमाण

गेल्या मार्गशीर्षांत कळंब तालुक्यांतील एका खेड्यांत दुखवट्याला जाण्याचा प्रसंग आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं कर्जापायीं स्वतःचा जीव घेतला होता. ओसरीवर गरुडपुराणाची पोथी लागली होती. यममार्ग, वैतरणी हीं वर्णनें चाललीं असतां वाचणाऱ्या महाराजांनीं मध्येंच थांबून स्वतःची पुस्ती जोडली कीं, आत्मघात करणारा साठ हजार वर्षें नरकांतील गाढ अंधारांत बुडून राहतो, असें पराशराचें वचन आहे. पोथी मिटल्यावर पाहुण्यांपैकीं एका निवृत्त हेडमास्तरांनीं, नरक कोणीं पाहिला आहे, असा प्रश्न टाकला. शास्त्रानें सांगितलें म्हणजे पाहिल्याहून अधिक झालें, असें महाराजांनीं उत्तर दिलें. तासभर वाद रंगला. त्या गृहस्थांची पत्नी दाराआड बसून तो ऐकत होती. मी निघालों तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, "सर, पोथीतलं सारं खरं असते का जी?"

हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं. जोतीराव फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) धर्मपुस्तकांची आणि स्वर्गाची प्रश्नोत्तररूपानें झडती घेतलेली आहे. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला तो बुद्धीला पटेल तेंच प्रमाण, ही प्रतिज्ञा मनांत धरून. स्वातंत्र्यापूर्वीं नागपूर विद्यापीठांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं हिंदुधर्माच्या समीक्षेवर जीं व्याख्यानें दिलीं, त्यांतही शब्दप्रामाण्यावरच प्रहार होता. असें असतां यवतमाळ जिल्ह्यांतील एका ओसरीवर तोच वाद पहिल्या पायरीवर उभा असावा, याचें कारण मला असें दिसतें कीं दोन्ही पक्ष ग्रंथाविषयीं बोलतात; ग्रंथ कोणी वाचीत नाहीं.

हेडमास्तरांचा युक्तिवाद सोपा होता, पण कच्चा होता. वस्तु दिसत नाहीं म्हणून ती नाहीं, असें म्हणण्याला ती दिसण्याजोगी असावी लागते, ही आमच्या नैयायिकांची जुनी अट आहे. मेल्यावरच जेथें जावयाचें तें स्थळ जिवंत माणसाला दिसलें नाहीं, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. महाराजांचा पक्ष मात्र यामुळें बळकट होतो असें नव्हे. ग्रंथ हे साक्षीदार मानले, तर त्यांच्या जबान्या जुळत नाहींत. मनूच्या यादींत नरक एकवीस, भागवतांत अठ्ठावीस, ब्रह्मसूत्रांत सात, आणि घरोघर वाचल्या जाणाऱ्या गरुडपुराणाच्या सारोद्धारांत चौऱ्यायशीं लक्ष! एवढी तफावत असलेले साक्षीदार कोणत्याही न्यायाधीशानें परत पाठविले असते.

परंतु हा विनोद करून मोकळें होणें बरें नव्हे. कारण शास्त्रार्थाचे नियम ज्यांनीं बांधले, त्या मीमांसकांनीं या वाक्यांना साक्षीदार मानलेंच नाहीं. त्यांच्या मतें वेदाचें प्रामाण्य अमुक करावें, अमुक करूं नये, या विधिनिषेधांत आहे. बाकीचीं स्तुतीचीं व निंदेचीं वाक्यें हा अर्थवाद. तीं विधीकडे मन ओढण्यासाठीं किंवा निषिद्धापासून मागें घेण्यासाठीं असतात. स्वतंत्रपणें जगाचा नकाशा काढण्यासाठीं नसतात. स्वर्गाच्या बाबतींत शबरस्वामींनीं हेंच धैर्य दाखविलें आहे: स्वर्ग म्हणजे एखादें द्रव्य किंवा गांव नव्हे, स्वर्ग म्हणजे सुख. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभींची ती चर्चा आमच्या पदवीधरांनीं एकदां तरी वाचावी. स्वर्गाला जो न्याय तो नरकाला कां नको?

येथें जाणता शास्त्री मला अडवील. तो म्हणेल, अर्थवादांतही एक प्रकार असा आहे कीं, ज्याला इतर प्रमाणांचा विरोधही नाहीं आणि आधारही नाहीं. अशा भूतार्थवादाला वेदान्ती खरें मानतात, आणि देवांना शरीर असतें हें शंकराचार्यांनीं याच वाटेनें सिद्ध केलें. आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळीत नाहीं. पण पराशराच्या वचनाला इतर प्रमाणांचा विरोध नाहीं, हेंच मला मान्य नाहीं. आणि तो विरोध शास्त्राच्याच घरांतला आहे.

तें वचन नीट पाहा. चौथ्या अध्यायाच्या आरंभीं अतिमान, अतिक्रोध, स्नेह आणि भय अशीं चार कारणें दिलीं आहेत. त्यांपायीं जीव देणाराला ती गति सांगितली आहे. त्याचें सुतक धरूं नये, त्याला पाणी देऊं नये, अग्नि देऊं नये, इतकेंच नव्हे, त्याच्यासाठीं अश्रूही ढाळूं नयेत, असें पुढें आहे. चार कारणांत कर्ज नाहीं. भयांत तें येतें असें कोणी म्हणेल, येवो. परंतु पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं शके १७१२ मध्यें म्हणजे १७९० सालीं रचलेल्या 'धर्मसिंधू'त अशाच दुर्मरणासाठीं नारायणबलि सांगून पुढचीं और्ध्वदेहिक कर्में मोकळीं केलेलीं आहेत. साठ हजार वर्षांची शिक्षा एका विधीनें सुटत असेल, तर ती घडलेल्या गोष्टीची नोंद नव्हे, धाक होता हें उघड आहे. ईशोपनिषदांतील आत्मघातक्यांचा अंधकारमय लोकही असाच पुढें केला जातो. पण तेथें आत्मघातकी म्हणजे आत्म्याला न ओळखणारे अज्ञानी लोक, असा अर्थ खुद्द आचार्यांनींच केला आहे. त्या अर्थानें वैतरणीच्या कांठीं आपण सारेच उभे आहों!

नारायणबलीचें नांव काढतांना मात्र माझा हात अडखळतो. मीं हें सारें महाराजांना दुसऱ्या दिवशीं सांगितलें. ते सज्जन आहेत; त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाले, "तें ठाऊक आहे मला, पण त्याला त्र्यंबकेश्वरीं जावें लागतें, खर्च येतो." ज्या घराचा कर्ता कर्जानें गेला त्या घरानें त्याच्या सुटकेसाठीं आणखी कर्ज काढावें! यावरही मीमांसकांनीं लिहून ठेवलें आहे. यज्ञांतील एक वस्त्र अध्वर्यूनें घ्यावें असें सांगणारें स्मृतिवचन शबरस्वामींनीं प्रमाण मानलें नाहीं, कारण त्यामागें लोभ दिसतो. जेथें दृष्ट हेतु सांपडला तेथें अदृष्टाची कल्पना करावयाची नाहीं, हा त्यांचा दंडक. तो आज दक्षिणेच्या दरपत्रकांना लावून पाहण्याची हिंमत कितीजणांना आहे?

आमच्या जिल्ह्याला हा विषय ग्रंथापुरता उरलेला नाहीं. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानें १९ मार्च १९८६ रोजीं कुटुंबासह जीवनयात्रा संपविली. त्यानंतर कापसाच्या या मुलखांत असे दुखवटे किती झाले, हें ओसऱ्यांना ठाऊक आहे. सरकारच्या ग्रंथांतही १८६० पासून एक लहानसा नरक होता. आत्महत्येच्या प्रयत्नांतून वांचलेल्याला भारतीय दंडविधानाचें ३०९ वें कलम शिक्षा सांगत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, असा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, असें ठरविलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत तें कलम त्या रूपांत राहिलें नाहीं. कायदा वाचणाऱ्यांनीं आपला अर्थवाद ओळखला. पोथी वाचणारे अजून त्याला भूगोल समजतात.

त्या बाईला मीं काय उत्तर दिलें, तें सांगावयाचें राहिलें. मीं म्हटलें, "बाई, तें वाक्य तुमच्या यजमानांविषयीं नाहीं. तें जिवंत माणसासाठीं आहे. त्यानें तसें करूं नये, मागें फिरावें, म्हणून लिहिलेलें आहे." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग थे पोथी आधी काऊन नाही वाचली जी?"

महाराज पोथीचें फडकें बांधीत होते. त्यांचाही हात थांबला.